पोळी सोडण्याआधी थोडे दिवस पोळी खा

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणारी ३४ वर्षांची, ठाण्यात वर्तकनगरला राहणारी, ऐरोलीला नोकरी करणारी. दोन-अडीच वर्षं पोट फुगतं, दिवसातून तीन-चार वेळा पातळ होतं, वरचेवर तोंड येतं आणि संध्याकाळी स्टेशनचा जिना चढवत नाही इतका थकवा. वर्षभर लोहाच्या गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन ९.१ च्या पुढे सरकत नाही. थायरॉइडची गोळी ५० वरून १०० वर गेली. सासूबाईंच्या वीस वर्षांच्या ओळखीतल्या होमिओपॅथ डॉक्टरांनी दीड तास बसवून सगळं विचारलं, गहू बंद केला आणि 'धान्य न पचणं ही तुमची प्रकृती आहे, जुनाट आजार मुळातून काढू' असं सांगितलं. तीन महिन्यांत साठ-सत्तर टक्के फरक पडला. गणपतीत माहेरी दोन दिवस पुरणपोळी आणि करंज्या झाल्या आणि त्या पुन्हा आडव्या झाल्या. मधल्या काळात ऑफिसच्या विम्यातून पोटाच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी रक्ततपासणी आणि एंडोस्कोपी सांगितली, आणि त्याआधी काही आठवडे पोळी खायला सांगितली. होमिओपॅथ बाई म्हणतात, चांगलं चाललंय ते बिघडवू नका, थायरॉइडची गोळीही हळूहळू सोडवू. सासूबाई दुखावल्या आहेत. नवरा म्हणतो, बरं वाटतंय तर तपासण्या कशाला. ऑफिसातली मैत्रीण दोनशे पदार्थांची 'फूड इन्टॉलरन्स' चाचणी करून घे म्हणते. शेवटी त्या विचारतात, 'कोणाचं ऐकू? आणि माझी सहा वर्षांची मुलगी वर्गात सगळ्यात बुटकी आहे, तिचंही पोट सारखं दुखतं. तिचा गहू आतापासूनच बंद करू का?'

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, दोन डॉक्टर आणि एक सासूबाई यांच्यात अडकलेल्या सुनेचं पत्र आहे. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिली आहे. मुलीची. तिच्याकडे येतेच, पण तिचं उत्तर तुमच्या उत्तरातून निघतं, म्हणून आधी तुम्ही.

माझी बाजू सांगून टाकते. मी डॉक्टर नाही, आहाराचा सल्ला देणारी आहे. आणि होमिओपॅथीच्या घरात वाढले आहे. वडिलांकडे बाराक्षारांची लाकडी पेटी होती. शाळेतून पोट धरून आलं की जिभेवर चार पांढऱ्या गोळ्या, आणि रात्रीसाठी कागदाची पुडी. त्यामुळे साबुदाण्याएवढ्या गोळ्यांना हसणाऱ्यांतली मी नाही. ज्या बाईंनी तुम्हाला दीड तास दिला त्यांच्याबद्दल तुमच्या मनात जे आहे ते मला कळतं. एरवी कोणता डॉक्टर विचारतो, की दुपारी चारनंतर जास्त फुगतं का, गोड खावंसं वाटतं का, चपाती समोर आली की नको होतं का?

त्यांच्या शास्त्रात या प्रश्नांना खरंच जागा आहे. दोन घास खाल्ले की पोट तट्ट होणं आणि चार ते आठ या वेळेत त्रास वाढणं ही लायकोपोडियमची खूण मानतात. पाव-पोळी सोसत नाही, नकोशी वाटते, अशा माणसासाठी नेट्रम म्यूर, पल्सेटिला ही नावं पुढे येतात. म्हणजे 'धान्य सोसत नाही' हे त्यांच्या लेखी त्या माणसाच्या स्वभावाचं, प्रकृतीचं लक्षण. त्यावरून औषध निवडायचं. पोटाचे डॉक्टर त्याच वाक्यावर वेगळं विचारतात: कोणतं धान्य, त्यातला कोणता घटक, आणि आतड्याच्या अस्तराला इजा झाली आहे का? एकीकडे माणूस ओळखायचा असतो, दुसरीकडे गुन्हेगार. तुमच्या बाबतीत गुन्हेगार ओळखायचं काम अजून झालेलंच नाही, आणि ते गोळ्या निवडून होणारं नाही.

तुम्ही लिहिता, 'गहू सोडला आणि गुण आला.' बरं. पण त्या दिवशी तुम्ही फक्त गहू सोडलात का? पत्राच्या दुसऱ्या पानावर तुम्हीच लिहिलं आहे की 'नेहमीचं पथ्य' सुरू झालं: कॉफी बंद, कांदा-लसूण बंद, हिंग बंद. आपल्याकडच्या बहुतेक होमिओपॅथ डॉक्टरांचं पथ्य हेच असतं. उग्र वासाचं नको, औषधाचा गुण मारला जातो म्हणून. म्हणजे एकाच दिवशी गहू गेला, कांदा-लसूण गेला, ऑफिसच्या मशीनमधल्या दिवसाच्या चार कॉफ्या गेल्या आणि गोळ्या आल्या. आता यातला गुण कोणाचा? कावळा बसला आणि फांदी मोडली इतकंच आपल्याला माहीत आहे, आणि फांदीवर कावळे चार होते.

या गफलतीवर माझी एक आवडती गोष्ट आहे. सिडनी हास नावाच्या न्यूयॉर्कच्या बालरोगतज्ज्ञाने १९२४ मध्ये केळ्यांचा आहार प्रसिद्ध केला. सीलिअॅक नावाच्या आजारात मुलं हडकून जात, पोटं फुगत, जुलाब थांबत नसत, कित्येक दगावत. हासच्या आहारात पाव, बिस्किटं, बटाटे, धान्यं बंद आणि केळी भरपूर. मुलं सुधारली. सगळ्यांनी केळ्यांना हार घातले. पुढे नेदरलँड्समध्ये विलेम-कारेल डिके या डॉक्टरला पिठावर संशय होता. १९४४-४५ च्या उपासमारीच्या हिवाळ्यात तिथे पाव मिळेनासा झाला तेव्हा ही मुलं उलट सुधारली, आणि पाव परत आला तशी पुन्हा खालावली. १९५० मध्ये त्याने आपल्या प्रबंधात गव्हाचा संबंध मांडला. केळ्यांनी काहीच केलं नव्हतं. ती फक्त पावाच्या जागी बसली होती. आणि दरम्यान केळ्यांवर बरी झालेली काही मुलं 'आजार गेला' म्हणून पुन्हा पाव खायला लागली होती. श्रेय चुकीच्या जागी गेलं की असं होतं, म्हणून गुण कशाला आला याचा एवढा कीस पाडायचा.

तुम्ही दुसरा पुरावा दिलाय तो उपवासाचा. संकष्टीला, एकादशीला पोट शांत असतं, म्हणजे गहूच. वरवर पाहता बरोबर आहे. वरी, राजगिरा, साबुदाणा, शेंगदाणे, बटाटा, यात ग्लूटेनचा कणही नाही. (ग्लूटेन म्हणजे गव्हातलं चिकट प्रथिन, सीलिअॅकमध्ये आतड्याला इजा होते ती त्यामुळेच.) पण उपवासाच्या ताटात आणखी काय नसतं? कांदा नसतो, लसूण नसतो, तूरडाळ, हरभरा, चवळी नसते. कांदा, लसूण आणि गहू या तिघांत फ्रुक्टान नावाची एक साखरेची साखळी असते. ती आपल्या कोणाच्याच लहान आतड्यात पचत नाही, मोठ्या आतड्यात जाऊन आंबते. काहींना त्याचं काही वाटत नाही, काहींचं पोट ढोल होतं. नॉर्वेत ५९ जणांवर एक अभ्यास झाला, २०१८ साली प्रसिद्ध झाला. सगळे सीलिअॅक नसलेले, पण 'आम्हाला ग्लूटेन सोसत नाही' म्हणणारे. त्यांना न सांगता कधी ग्लूटेन घातलेल्या, कधी फ्रुक्टान घातलेल्या, कधी काहीच न घातलेल्या वड्या आठवडा-आठवडा दिल्या. सर्वात जास्त त्रास फ्रुक्टानच्या वड्यांनी दिला. ग्लूटेनच्या वड्या साध्या वड्यांपेक्षा वाईट ठरल्या नाहीत.

म्हणजे गणपतीतली पुरणपोळी आणि करंजी तुम्हाला आडवी करून गेली, यात पोळीतलं ग्लूटेन असेल, पोळीतलं फ्रुक्टान असेल, पुरणातली हरभऱ्याची डाळ असेल, किंवा ताटातलं बाकीचं काहीतरी. गव्हाची खरी अॅलर्जीही असू शकते, पण तिची चाल वेगळी: अंगावर गांध्या, ओठ सुजणं, धाप, तेही तासा-दोन तासांत. तुमच्या पत्रात तसं काही दिसत नाही.

मग मी तुम्हाला 'फ्रुक्टान असेल, सोडून द्या' असं का म्हणत नाही? कारण तुमच्या पत्रातल्या दोन गोष्टी फुगलेल्या पोटात बसत नाहीत. एक, वर्षभर लोह घेऊन न वाढणारं हिमोग्लोबिन. दोन, दुपटीवर गेलेली थायरॉइडची गोळी. लोह शोषलं जातं ते मुख्यतः लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात. सीलिअॅकमध्ये नेमकी तिथलीच मखमलीसारखी लव झिजून सपाट होते. गोळी पोटात जाते, रक्तात पोचत नाही. थायरॉइडच्या गोळीचंही तेच, आतडं शोषत नसेल तर डोस चढत जातो. वर पुन्हा थायरॉइडच्या आजाराचा एक प्रकार आणि सीलिअॅक हे भाऊबंद आहेत, दोन्हींत शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःवरच उलटते, आणि एक असलेल्यात दुसरा सापडण्याची शक्यता जास्त. वारंवार तोंड येणं हेही त्याच यादीत आहे. (तुम्ही लोहाची गोळी आणि थायरॉइडची गोळी सकाळी एकत्र घेत असाल तर ते आजपासून बंद. दोन्हींत चार तासांचं अंतर हवं. हे इतकं साधं कारण असलं तरी मला आनंदच होईल.)

तुमच्या डॉक्टरांना हाच संशय आला असणार. रक्ताची तपासणी म्हणजे टीटीजी-आयजीए, सीलिअॅकमध्ये रक्तात वाढणारी प्रतिपिंडं मोजणारी, आणि तिच्यासोबत एकूण आयजीए, म्हणजे त्या जातीची सगळी प्रतिपिंडं. दुसरी मुद्दाम विचारून घ्या, कारण ज्यांच्या शरीरात आयजीएच कमी असतं त्यांची पहिली तपासणी खोटीच 'नॉर्मल' येते. मग दुर्बीण, आणि लहान आतड्याच्या सुरुवातीचे चार-सहा बारीक तुकडे. नुसती दुर्बीण घालून 'सगळं छान दिसतंय' म्हणून भागत नाही, तुकडे घ्यावे लागतात. शिवाय डॉक्टरांना आणखी एक गोष्ट डोक्यात ठेवावी लागते जी आपल्या देशात विसरून चालत नाही: आतड्यांचा टीबी. तोही जुलाब, थकवा, वजन घटणं असाच सुरू होतो, आणि पथ्याने तो काही दिवस झाकला गेला तर नुकसानच.

आता तो तुम्हाला विचित्र वाटलेला सल्ला, पोळी खा. या दोन्ही तपासण्या शरीर गव्हाला काय उत्तर देतंय ते बघतात. गहू बंद असेल तर उत्तर हळूहळू थांबतं, लव पुन्हा उगवते, आणि कागदावर 'नॉर्मल' येतं. म्हणजे आज तपासणी 'नॉर्मल' आली तर तिचा अर्थ शून्य. 'पॉझिटिव्ह' आली तर मात्र अर्थ आहे. म्हणून डॉक्टरांना विचारा की रक्ततपासणी आताच एकदा करून बघायची का, तीन महिन्यांत सगळं पुसलं गेलेलं नसेलही. नाहीतर तपासणीआधी किमान सहा आठवडे, दिवसातून एकाहून जास्त वेळा गहू पोटात जायला हवा. साधारण दोन पोळ्या, एक सकाळी एक रात्री. अगदीच सोसेना झालं तर दोन आठवड्यांवरही काही डॉक्टर तपासतात, ते त्यांना ठरवू दे. एक जनुकांची तपासणीही आहे, तिला गहू खावा लागत नाही. ती आजार आहे हे सांगू शकत नाही, पण ती 'नकारात्मक' आली तर सीलिअॅक जवळजवळ बाद होतो. रक्त पडत असेल, वजन झपाट्याने उतरत असेल, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब किंवा ताप असेल तर मात्र सहा आठवड्यांची वाट बघू नका, लगेच दाखवा.

या सहा आठवड्यांत बाकी काही बदलू नका. कांदा-लसूण आणि कॉफी बंदच ठेवा. फक्त पोळी परत आणा. त्रास जसाच्या तसा परत आला तर बोट गव्हाकडे. पोळी खाऊनही बऱ्याच राहिलात तर आपल्याला कांदा-लसणाची चौकशी करावी लागेल. वहीत रोज दोन ओळी, काय खाल्लं आणि पोट कसं होतं. होमिओपॅथ बाईंनी लिहायला लावलेलीच वही चालेल, चांगली सवय आहे ती.

'पण बाई नको म्हणतात.' त्यांच्याशी भांडायची गरज नाही. होमिओपॅथीचे जनक हानेमान यांनी १८१० मध्ये जो मूळ ग्रंथ लिहिला, 'ऑर्गनॉन', त्याच्या सातव्या सूत्रात आजार टिकवून ठेवणारं कारण आधी दूर करा असं सांगितलं आहे. तळटीपेत उदाहरणंही दिली आहेत: डोळ्यात गेलेला कण काढा, जखमेवर आवळून बांधलेली पट्टी सैल करा, मग पुढचं. सत्त्याहत्तराव्या सूत्रात तर ते म्हणतात की चुकीच्या खाण्यापिण्यामुळे, टाळता येण्यासारख्या गोष्टींमुळे जे दुखणं रेंगाळतं त्याला जुनाट आजार म्हणणंच चूक, राहणी सुधारली की ते जातं. १८२८ मध्ये जुनाट आजारांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिणाऱ्या, सोरा आणि बाकीची मुळं सांगणाऱ्या माणसाचंच हे म्हणणं. तेव्हा बाईंना सरळ विचारा: 'माझ्या दुखण्यात गहू हा आवळलेल्या पट्टीसारखा आहे की माझी प्रकृतीच अशी आहे, हे आपल्याला कळायला नको का?' चांगल्या होमिओपॅथला हा प्रश्न आवडेल. माझ्या ओळखीतले काही जण पेशंटला स्वतःहून टीटीजी करायला पाठवतात. मी दोघांना पाहिलंय.

गोळ्यांबद्दल माझं मत विचारलं नाहीत तरी सांगते, कारण ते लपवून सल्ला देणं बरोबर नाही. ३० पोटेन्सी म्हणजे मूळ पदार्थ एकास शंभर या प्रमाणात तीस वेळा पातळ केलेला, एकावर साठ शून्यं. बाराव्या पायरीच्या आसपासच मूळ पदार्थाचा रेणू उरण्याची शक्यता संपते. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य संशोधन परिषदेने २०१५ मध्ये सगळा पुरावा चाळून सांगितलं की ज्यात होमिओपॅथी प्रभावी आहे असा विश्वासार्ह पुरावा आहे, असा एकही आजार नाही. माझ्या वडिलांनी हे मान्य केलं नसतं. तुमच्या सासूबाईही करणार नाहीत, आणि या पत्रासाठी त्यांनी करायची गरजही नाही. गोळ्या घेत राहिलात तर तपासणीत काही अडथळा येत नाही. त्या साखरेच्या आहेत, ग्लूटेनचा प्रश्न नाही. फक्त काय देत आहेत ते लिहून मागा, कारण मदर टिंक्चर हा प्रकार वेगळा, त्यात वनस्पतीचा खराखुरा अर्क असतो. आणि त्रास वाढला की 'औषध लागू पडतंय, रोग बाहेर पडतोय' हे उत्तर आठवड्यापलीकडे ऐकून घेऊ नका.

एका बाबतीत मी ठाम आहे. थायरॉइडची गोळी कोणाच्याही सांगण्यावरून, रक्त न तपासता, कमी करायची नाही. सीलिअॅक निघाला आणि पथ्याने आतडं भरून आलं तर डोस कदाचित आपोआप कमी करावा लागेल. तो कमी करणारी गोष्ट म्हणजे टीएसएचचा, म्हणजे थायरॉइडच्या रक्ततपासणीचा आकडा, आणि ते बघून डॉक्टर.

मैत्रिणीच्या दोनशे पदार्थांच्या चाचणीवर पैसे घालवू नका. ती रक्तातलं आयजीजी, म्हणजे आणखी एका जातीची प्रतिपिंडं, मोजते, आणि ते मुख्यतः आपण काय खात आलोय तेच दाखवतं. अॅलर्जीच्या जाणकार संस्थांनी ही चाचणी खाणं न सोसण्याच्या निदानासाठी वापरू नका असं स्पष्ट सांगितलं आहे. मी असे अहवाल घेऊन आलेल्या बायका पाहिल्या आहेत. लाल रंगात दूध, अंडं, तूर, तांदूळ, टोमॅटो. जगायचं कशावर?

आता लेक. तिचा गहू बंद करू नका. सहा वर्षांचं पोर, वर्गात सगळ्यात बुटकं, पोट दुखतं, आणि आईला हा संशय. बालरोगतज्ज्ञांकडे न्या, तिची लसीकरणाची फाइल घेऊन, कारण त्यात आधीची उंची-वजनं असतात. एका दिवसाच्या उंचीपेक्षा वाढीची रेघ कशी चालली आहे ते महत्त्वाचं. ती मूळचीच अशी असेल, घरातली उंचीच तशी असेल. पण रेघ खाली झुकत असेल तर तिचीही टीटीजी होईल, आणि त्यासाठी ती गहू खात असायला हवी. तुमचं निदान झालं तर तिची तपासणी करायचीच, त्रास असो नसो. पहिल्या नात्यात, म्हणजे आई-वडील, भावंडं, मुलं यांत, साधारण दहातल्या एकापर्यंत हा आजार सापडतो. मुलांमध्ये वेळेत सापडला आणि पथ्य नीट झालं तर राहिलेली वाढ बऱ्यापैकी भरून येते. जंत, लोह, ड जीवनसत्त्व हेही बघतील. पण अंदाजाने पथ्य सुरू करून तिची तपासणी निकामी करू नका. तुमच्या बाबतीत ते झालं, आता सहा आठवडे पोळी खावी लागणार आहे. तिच्यावर ती वेळ कशाला?

समजा सीलिअॅक निघाला. मग 'साठ-सत्तर टक्के' चालत नाही. आयुष्यभर, आणि कणाचंही पथ्य, कारण त्रास जाणवला नाही तरी आतडं झिजतच राहतं आणि पुढे हाडांपर्यंत जातं. सोपं आहे ते ज्वारी, बाजरी, तांदूळ, नाचणी. अवघड आहे ते लपलेलं. खपली गहू हा गहूच आहे, 'पचायला हलका' असो वा नसो. जव, रवा, शेवया, दलिया गेले. कुरडई गव्हाच्या चिकाची. मेतकुटात आणि थालीपिठाच्या भाजणीत बऱ्याच घरांत मूठभर गहू असतो, सातूच्या पिठातही. सोया सॉसमध्ये गहू. आणि हिंग! स्वयंपाकघरातली डबी आणा आणि मागची बारीक अक्षरं वाचा. बाजारातला हिंग शुद्ध नसतो, डिंकात आणि पिठात खललेला असतो, आणि ते पीठ पुष्कळदा गव्हाचं. चिमूटभर हिंगाच्या फोडणीने रोजची आमटी बाद होऊ शकते. तांदळाच्या पिठातला हिंग मिळतो, तो शोधा. पाकिटावर 'ग्लूटेन-फ्री' असेल तर आपल्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानुसार किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन नसावं.

मग गिरणी. आमच्या नौपाड्यातल्या गिरणीत मी एकदा अर्धा तास उभी राहिले, मुद्दाम बघायला. एका काकांचा गव्हाचा डबा संपला, पाठोपाठ माझी ज्वारी वरच्या चाडीत ओतली. चाडी रिकामी करायला त्याने बाजूला दोन थापा मारल्या, तेवढंच. पिशवीत आधी जे पसाभर पीठ पडलं ते पिवळसर होतं, मग रंग बदलत पांढरट झाला. ते पहिलं पसाभर काकांचं. सीलिअॅकच्या माणसाला तेवढं पुरतं. गिरणीवाल्याला विनंती करून भागत नाही, तो ऐकतो आणि गर्दीत विसरतो. घरघंटी घ्या, किंवा ज्वारी-बाजरीच दळणारी गिरणी शोधा. लाटणं-पोळपाट वेगळं, भाकरीचा तवा वेगळा.

आणि सीलिअॅक नाही निघाला तर? तर ही सगळी सोवळी-ओवळी नकोत. कांदा-लसूण, मग डाळी, मग गहू, एकेक करून, आठवडाभर प्रत्येकी, किती सोसतं ते बघायचं. बहुतेकांना थोडं सोसतं. अर्धी पोळी चालते, तीन चालत नाहीत. लसणीचा स्वाद हवा असेल तर पाकळ्या तेलात तळून काढून टाका, फ्रुक्टान तेलात उतरत नाही. कांदा आमटीत शिजवलात तर मात्र ते पाण्यात उतरतं. जिथे कारण साधं पोटाचं असेल तिथे आयुष्यभर गहू सोडायची गरज नसते. आणि हिमोग्लोबिन का वाढत नाही याचा शोध तेव्हाही चालू ठेवावा लागेल. पाळीत रक्त जास्त जातं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही.

सासूबाईंना तपासणी म्हणजे त्यांच्या डॉक्टरांवर अविश्वास वाटतोय. त्यांना सांगा की गव्हाकडे पहिलं बोट त्यांच्याच डॉक्टरांनी दाखवलं. अडीच वर्षांत दुसऱ्या कोणी विचारलं नव्हतं. आता ते बोट बरोबर होतं का, एवढंच बघायचं आहे. त्या कोकणातल्या की देशावरच्या, तुम्ही लिहिलं नाहीत. पण त्यांच्या लहानपणी घरात रोज गव्हाची पोळी होत होती का, विचारा. बहुतेक भाकरी निघेल, आणि पोळी सणाला. इथल्या आगरी-कोळी घरांत आजही तांदळाची भाकरी होते. सासूबाईंना उकड काढून ती थापता येत असेल तर तुमच्या हातात महागड्या ग्लूटेन-फ्री पाकिटांपेक्षा मोठी गोष्ट आहे. त्यांच्याकडून शिकून घ्या. शिकवताना माणसाचा राग बराच उतरतो, हा आपला माझा अनुभव. नवऱ्याला हिमोग्लोबिनचे वर्षभराचे कागद ओळीने मांडून दाखवा. 'बरं वाटतंय' या शब्दांपुढे ते आकडे ठेवले की पुरे.

एक शेवटची अडचण, तारखांची. आजपासून सहा आठवडे मोजलेत तर मध्ये नवरात्र येतं. दरवर्षी नऊ दिवसांचे उपवास करत असाल तर यंदा करू नका. नऊ दिवस वरी-राजगिऱ्यावर राहिलात तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. घटाला नैवेद्य दाखवा आणि पोळी खा. पुढे दिवाळी लागेल, तेव्हा फराळातल्या करंज्या आणि शंकरपाळे तेवढे टाळू नका. तपासणीची तारीख भाऊबीजेनंतरची घ्या.